छोट्या सैपाकघरात भारीतला फ्रिज घ्यायचा म्हणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की माझा फोन सुरू होतो. कापसाचे-तुरीचे पैसे हातात आलेले असतात, ऊन चढत असतं, आणि घरात एकच विषय, यंदा फ्रिज बदलायचा आणि बदलायचाच तर भारीतला घ्यायचा. मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी फ्रिज-कुलर दुरुस्तीचं काम करतो, विकत काहीच नाही, म्हणून लोक मलाच विचारतात. तेच तेच सांगून थकलो म्हणून एकदाचं लिहून काढलं. सगळं वाचायची गरज नाही, पण ३ आणि ८ नंबर कोणीच सोडू नका, सगळ्यात जास्त रडणारे लोक तिथलेच असतात.

१. भाऊ, हाय-एंड फ्रिज म्हणजे नेमकं काय? जेवढा मोठा तेवढा भारी, असंच ना?

दुकानात तसं वाटतं खरं, कारण पुढच्या रांगेत सगळ्यात मोठा आणि चकचकीत तोच ठेवलेला असतो. पण फ्रिजची किंमत दोन रस्त्यांनी चढते. एक रस्ता लिटरचा, त्यात दारं वाढतात, बर्फाचं मशीन येतं, दारावर स्क्रीन येते. दुसरा रस्ता आतल्या मशीनचा, म्हणजे इन्व्हर्टर कंप्रेसर (गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करणारा, ९ नंबर पाहा), जाड इन्सुलेशन, खालच्या-वरच्या कप्प्याला वेगवेगळं कूलिंग, वजन पेलणाऱ्या काचेच्या फळ्या, गच्च बसणारं दाराचं रबर. आपल्या आठ बाय दहाच्या सैपाकघरात पहिल्या रस्त्याला जागा नाही, आणि आपल्या उन्हाला अन् आपल्या लाइनीला गरज आहे ती दुसऱ्याचीच. म्हणून माझं एवढंच म्हणणं असतं, पैसे लिटरवर नका घालू, मशीनवर घाला. २५०-३०० लिटरमध्येसुद्धा उत्तम मशीनचा फ्रिज मिळतो, फक्त तो मागच्या रांगेत उभा असतो आणि नाव घेऊन मागावा लागतो.

२. घरात पाच माणसं, किती लिटरचा पुरतो?

चार-पाच माणसांना २३० ते २७० लिटर. सहा-सात माणसं असतील, घरी गाय-म्हैस असेल आणि दुधाचा गंज (पातेलं) रोज आत जात असेल तर ३०० ते ३४०. याच्या वर फार कमी घरांना लागतो. लोक हिशोब कसा करतात तर महालक्ष्म्यांच्या दिवशीचा, सोळा भाज्या, आंबील, पाहुणे, आणि मग म्हणतात लहान पडतो. अहो ते दोन-तीन दिवस आहेत, बाकीचे ३६२ दिवस आत सांबार (कोथिंबीर), भेदरं (टोमॅटो), अर्धा पत्ताकोबी, विरजण आणि उरलेलं वरण एवढंच असतं. प्यायच्या पाण्याला माठ आहेच, आणि माझ्या मते तो राहू द्या, फ्रिजमधली निम्मी जागा बाटल्याच खातात.

आणखी एक, स्टिकरवर ग्रॉस लिटर आणि नेट लिटर असे दोन आकडे असू शकतात. सामान मावतं ते नेटमध्ये. दुकानदार बोलताना ग्रॉस बोलतो.

३. माप कुठंकुठं घ्यायचं? जागा तर आहे तीन फूट.

जागेचं माप सगळेच घेतात, रस्त्याचं कोणी घेत नाही. २५०-२६० लिटरचा डबल डोअर साधारण ५५ ते ६० सेंटीमीटर रुंद, ६५ ते ७० खोल आणि दीड मीटरच्या थोडा वर उंच असतो, त्यावर खोक्याचे आणखी पाच-सात सेंटीमीटर धरा. आता तुमच्या घरात तो कुठून जाणार ते पाहा: फाटक, ओसरीची पायरी, पुढचा दरवाजा, मधली खोली, सैपाकघराचा दरवाजा. जुन्या घरांत सैपाकघराचा दरवाजा अडीच फुटी असतो, आणि अडीच फूट म्हणजे चौकटीसकट, मधली मोकळी जागा त्याहून कमी भरते. टेप घेऊन चौकटीच्या आतून-आतून मोजा, कडीकोयंडा बाहेर आला असेल तर तोही धरा.

हे मी शहाणपणानं नाही सांगत. माझ्या स्वतःच्या घरी, मी मेकॅनिक माणूस, ३४० लिटरचा आणला आणि दारात अडकला, शेवटी सुतार बोलावून पल्ला काढला आणि चौकटीची एक पट्टी तासली, तेव्हा कुठं आत गेला. बायको अजून ती पट्टी दाखवते.

जागेवर बसल्यावर बाजूला पाच-पाच सेंटीमीटर, मागं दहा सेंटीमीटर आणि वर फूटभर हवा मोकळी पाहिजे, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. मग दार उघडतं किती ते पाहा. कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला तर दार काटकोनात उघडतं पण भाजीचा ट्रे बाहेर निघत नाही, कारण ट्रेला त्याहून जास्त उघडावं लागतं. बिजागरी बहुतेक फ्रिजांना उजवीकडं असते, तुमच्या ओट्याच्या हिशोबानं दार कोणीकडं उघडायला हवं ते आधी ठरवा, कारण दाराची बाजू बदलता येणारे मॉडेल मोजकेच.

शेवटचं माप गंजाचं. घरातला रोजचा दुधाचा गंज झाकणासकट मोजून त्याची उंची चिठ्ठीवर लिहून न्या आणि दुकानात दोन फळ्यांमधलं अंतर मोजा. विक्रेता हसेल, हसू द्या.

४. सिंगल डोअर, डबल डोअर की खाली फ्रीझरवाला?

सिंगल डोअर बहुतेक डायरेक्ट कूल असतो, म्हणजे आत पंखा नाही, बर्फ जमतो, तो हातानं वितळवावा लागतो. डबल डोअर फ्रॉस्ट फ्री, पंखा थंड हवा फिरवतो, बर्फ साचत नाही, पण ठरावीक वेळानं एक छोटा हीटर चालतो म्हणून लाइट जरा जास्त खातो. पाच माणसांच्या घरात आणि भारीतला घ्यायचा तर डबल डोअरच.

पण ज्यांच्याकडं रोज चार-सहा तास लाइन जाते त्यांना मी कधीकधी उलट सांगतो, चांगला इन्व्हर्टर कंप्रेसरवाला सिंगल डोअर घ्या. फ्रीझरमध्ये जमलेला बर्फच तुमची बॅटरी असते, लाइन गेल्यावर तोच थंडी धरून ठेवतो. शिवाय त्यात बिघडणारे पार्ट कमी. दुकानदाराला हे आवडत नाही.

खाली फ्रीझर असलेले फ्रिज महाग पडतात, पण गुडघे दुखणारी माय घरात असेल तर पैसे वसूल आहेत, भाजी, दूध, दही सगळं कंबरेच्या वर येतं आणि वाकावं लागतं ते फक्त बर्फाला. आणि ते कोण किती वेळा काढतं.

५. पोराचं लग्न आहे, सोयरे येतील, साइड बाय साइडच पाहिजे. काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही, जागा दाखवा. साधारण ९१ सेंटीमीटर रुंद, पावणेदोन मीटरच्या वर उंच आणि वजन शंभर किलोच्या आसपास. तीन फुटी दारातूनसुद्धा बरेचदा त्याचे पल्ले आणि हँडल काढल्याशिवाय तो जात नाही. शिवाय फ्रीझरचा उभा कप्पा इतका अरुंद असतो की मोठं पातेलं आडवं जातच नाही. मी असे दोन-तीन फ्रिज पाहिलेत जे सैपाकघरात न मावल्यानं बैठकीत टीव्हीशेजारी उभे आहेत, आणि सूनबाई दह्यासाठी पाहुण्यांसमोरून चकरा मारते. रुबाबच पाहिजे तर तीन दारांचा, ६० सेंटीमीटरच्या आसपास रुंदीचा पाहा, दिसतोही वेगळा आणि भाजीचं खण वेगळं उघडतं.

६. काचेचं दार घ्यावं का?

दिसायला भारी. पण फोडणीचं तेल, पिठाचे हात, पोरांचे बोटं, रोज पुसावं लागेल. टफन काच असते, सहज फुटत नाही, पण फुटली तर अख्खा पल्ला बदलतो आणि तो मागवायला वेळ लागतो. चूल अजून त्याच खोलीत पेटत असेल तर नकोच, धुराचा चिकट थर बसतो.

७. पाच स्टार घ्यावा का तीन स्टार?

स्टार पाहू नका, स्टारखालचा युनिटचा आकडा पाहा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या त्या लेबलवर वर्षाला किती युनिट ते लिहिलेलं असतं. स्टार हे फ्रिजच्या आकारानुसार आणि प्रकारानुसार ठरतात, त्यामुळं ६०० लिटरचा जास्त स्टारवाला २५० लिटरच्या कमी स्टारवाल्यापेक्षा जास्त लाइट खाऊ शकतो, आणि डायरेक्ट कूलचे पाच स्टार वेगळे, फ्रॉस्ट फ्रीचे वेगळे. वरून स्टारचे नियम वेळोवेळी कडक होतात, काल पाच स्टार असलेलं मॉडेल उद्या चार किंवा तीनवर येतं, मशीन तेच. म्हणून लेबल कोणत्या वर्षांचं आहे तेही त्याच्यावरच पाहून घ्या.

हिशोब असा करा. समजा एकावर १६० युनिट लिहिलेत, दुसऱ्यावर २४०. फरक ८० युनिट, बिलातले सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पकडले तर वर्षाचे ८०० रुपये. किमतीत ६ हजारांचा फरक असेल तर साडेसात वर्षांत फिटतो. फ्रिज दहा-बारा वर्षं चालतो, म्हणजे परवडतं, पण फरक १५ हजारांचा असेल तर फक्त लाइट बिलासाठी घेऊ नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढं दर एकदम चढतो. तुमचं बिल ९०-९५ युनिटवर रेंगाळत असेल तर फ्रिजच्या महिन्याच्या पाच-सात युनिटांनी वरचे युनिट महाग दरात जातात, तिथं जास्त स्टारचा फायदा खरंच दिसतो.

आणि लेबलवरचा आकडा ठरवून दिलेल्या चाचणीतला असतो, आपल्या मे महिन्यातला नाही.

८. आमच्याकडं ४५-४६ पारा जातो, फ्रिज थंडच करत नाही, कंपनी फसवते का?

हा प्रश्न मला चंद्रपुरातून येतो, अकोल्यातून येतो, ब्रह्मपुरीतून तर दर मे महिन्यात. फ्रिजच्या आत, बहुतेक भाजीच्या ट्रेमागं, एक स्टिकर असतं त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ पर्यंत आणि टी म्हणजे ४३ पर्यंत चालेल असं धरून बनवलेला. आपल्याकडं टी शिवाय दुसरा घेऊच नका, आणि भारीतला, बाहेरून आलेला फ्रिज असेल तर हे आधी वाचा कारण काहींवर एन किंवा एसटी एवढंच असतं आणि विक्रेत्याला त्याचा अर्थ माहीत नसतो.

आता गंमत पाहा, टी सुद्धा ४३ पर्यंतच. आपलं सैपाकघर टिनाचं असेल, भिंत पश्चिमेची असेल, दुपारी गॅस पेटलेला असेल तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही वर जातं. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, बाहेरच भट्टी असेल तर टाकणार कुठं? मशीन बंद पडत नाही, पण थकतं. म्हणून ५० हजारांचा फ्रिज पश्चिमेच्या भिंतीला ठेवण्यापेक्षा ३० हजारांचा उत्तरेच्या किंवा आतल्या भिंतीला ठेवलेला बरा. सैपाकघरात तशी भिंतच नसेल तर मधल्या खोलीत ठेवा, लोक काय म्हणतील ते म्हणतील. टिनाखाली निदान सिलिंग करून घ्या. दुपारी बारा ते पाच दार कमी उघडा, गरम वरणाचं पातेलं आत ढकलू नका, आणि सेटिंग उन्हाळ्यात एक-दोन पायऱ्या थंडीकडं घ्या. आत ४ अंश आणि फ्रीझरला उणे १८ मिळालं पाहिजे, शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर ठेवला की भांडण मिटतं.

९. रात्रंदिवस चालूच राहतो, बंदच होत नाही. बिघडला का?

इन्व्हर्टर कंप्रेसर असेल तर नाही. जुना कंप्रेसर पूर्ण जोरात चालायचा, बंद व्हायचा, परत सुरू व्हायचा, आपल्याला तो टक आवाज ऐकायची सवय. इन्व्हर्टरवाला हळूहळू सतत चालतो, बैलगाडीसारखा, एका चालीत, आणि त्यातच लाइट वाचवतो. उन्हाळ्यात जोर वाढतो, आवाजही थोडा वाढतो. आतलं तापमान बरोबर आहे ना, मग झोपा.

१०. कंपनी म्हणते स्टॅबिलायझर नको. घेऊ का नको?

डब्यावर लिहिलेलं असतं, काही मॉडेल शंभरपासून तीनशे व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालतात. हे खरं आहे, कमी व्होल्टेजला हे फ्रिज खरोखर दम धरतात. पण आपल्या गावठाण फीडरवर प्रॉब्लेम फक्त कमी व्होल्टेजचा नाही. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची तार तुटली की घरात थेट ४०० च्या आसपास व्होल्ट येतात, पहिल्या पावसाच्या वादळात तर हमखास, आणि तेव्हा कुठलीच रेंज कामाची नाही, फ्रिजचं सर्किट बोर्ड जातं. बोर्ड काही हजारांचं. म्हणून मी सांगतो, हाय-कट असलेला (व्होल्टेज फार चढलं की लाइन तोडणारा) आणि लाइन आल्यावर तीन मिनिटं थांबून सुरू होणारा स्टॅबिलायझर लावा. इन्व्हर्टर फ्रिजला ५०० व्हीए ते १ केव्हीएचा पुरतो, एसीचा चार केव्हीएवाला विकत असतील तर उठून या. वीज कडाडायला लागली की पिन काढून ठेवा, स्टॅबिलायझर असला तरी.

११. बाजूचे पत्रे तापतात, हात भाजतो. आणि कधीकधी झिणझिण्या येतात.

तापणं वेगळं, झिणझिण्या वेगळ्या. उष्णता बाहेर टाकायच्या नळ्या हल्ली बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून नवीन फ्रिज बाजूनं तापतो, ते ठीक आहे. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही. प्लगची तिसरी पिन तोडून दोन पिनच्या बोर्डात घातलेला फ्रिज मी आठवड्याला एक तरी पाहतो. इथं बरेचदा फ्रिजचा दोष नसतो. ओल्या पायानं दार उघडू नका आणि आधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या.

१२. लाइन गेली तर किती वेळ टिकतं? घरच्या इन्व्हर्टरवर चालतो का? सोलर लावलंय आम्ही.

दार बंद ठेवलं तर खालचा कप्पा साधारण चार तास. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर बराच जास्त, म्हणून रिकाम्या फ्रीझरात पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवत जा.

इन्व्हर्टरवर चालतो, पण साइन वेव्ह इन्व्हर्टर पाहिजे, स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि बोर्डही जाऊ शकतं. १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाती येतात बाराशे-तेराशे. दोन पंखे आणि फ्रिज धरून पाच-एक तास. मध्येच डीफ्रॉस्ट हीटर चालला तर कमी.

सोलरचं मात्र फार गैरसमज आहे. पीएम सूर्यघर या सरकारी योजनेतून छतावर जे ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनीला जोडलेले पॅनल बसवले जातात ते लाइन गेली की स्वतःच बंद होतात, भर दुपारी ऊन असलं तरी, कारण खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला करंट लागू नये. बिल कमी होतं, फ्रिज चालत नाही. चालवायचा तर बॅटरी असलेली हायब्रिड सिस्टिम लागते.

१३. कुलर आणि फ्रिज एकाच खोलीत आहे, काचेवर पाणी सुटतं.

सुटणारच, कुलर हवेत पाणी सोडतो आणि थंड पत्र्यावर ते जमतं. रबरावर काळी बुरशी चढते, दाराच्या खालच्या कडेला गंज लागतो. कुलरचा झोत फ्रिजवर येऊ देऊ नका, खिडकी थोडी उघडी ठेवा, रबर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा. चौकटीत घाम न येऊ देणारी गरम नळी बहुतेक फ्रिजात असते, पण आपला कुलर तिच्या आवाक्याबाहेरचा.

१४. दारातून थंड पाणी येणारा, बर्फ पाडणारा घ्यावा का?

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात, तर उत्तर नाही असंच आहे. बोअरचं खारं-जड पाणी टाकीत, नळीत, व्हॉल्व्हमध्ये पांढरा थर धरतं, सहा महिन्यांत बर्फाचं मशीन चोकअप. यवतमाळ-चंद्रपूरच्या बऱ्याच गावांत पाण्यात फ्लोराइड आहे, फ्रिजमधलं छोटं फिल्टर ते काढत नाही, वास आणि क्लोरीन कमी करायला असतं ते. आरओचं कॅनचं पाणी टाकीत भरणार असाल तर चालेल, पण मग बाटलीत भरून ठेवलं तर काय वाईट? पाइप जोडायची गरज असलेला मॉडेल गावात घेऊच नका. हा फीचर म्हणजे पहिल्या रस्त्याचा पैसा, १ नंबर पाहा.

खारं पाणी फरशी पुसायला वापरत असाल तर फ्रिज स्टँडवर घ्या, खालचा पत्रा सडतो.

१५. आजी माळकरी आहे, आम्ही चिकन आणतो. एकाच फ्रिजात वास लागतो म्हणून रोज भांडण.

इथं खरंच महागाच्या फ्रिजचा उपयोग आहे. साध्या फ्रॉस्ट फ्रीमध्ये एकच कूलिंग कॉइल असते, फ्रीझरची हवा खाली आणि खालची वर फिरते, वासही फिरतो. दोन कॉइलवाल्या फ्रिजमध्ये फ्रीझरची हवा फ्रीझरमध्येच राहते. विचारताना असं विचारा की दोन्ही कप्प्यांना वेगळी कॉइल आणि वेगळा पंखा आहे का, नुसतं "मल्टी एअर फ्लो" म्हणाले तर ते वेगळं, त्यात हवा एकच. भंडारा-गोंदियाकडं बोडीचे (छोट्या तळ्यातले) झिंगे आणून ठेवणाऱ्यांनी तर हेच घ्यावं. सोवळ्याचा प्रश्न मात्र कॉइलनं सुटत नाही, तिथं आजीचा छोटा सिंगल डोअर वेगळा घेतलेला मी पाहिला आहे, भांडणापेक्षा स्वस्त पडला.

१६. कोणती कंपनी चांगली?

ज्या कंपनीचा माणूस तुमच्या गावी येतो ती. एलजीचे, व्हर्लपूलचे फ्रिज पुण्याजवळ रांजणगावला बनतात, गोदरेजचे शिरवळला, भारीतलं जर्मन नाव लिबहेर तेही छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्यात कारखाना टाकून बसलं आहे, म्हणजे या सगळ्यांचे कारखाने महाराष्ट्रात आहेतच. पण बनतो कुठं यापेक्षा दुरुस्त कुठं होतो ते पाहा. घ्यायच्या आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून आपला पिनकोड सांगा, इंजिनीअर किती दिवसांत येतो आणि येण्याचे वेगळे पैसे लागतात का विचारा. एका नामी कंपनीच्या फ्रिजसाठी माझ्या मावसभावानं भर एप्रिलमध्ये ११ दिवस वाट पाहिली, बोर्ड नागपूरहून यायचं होतं, तोवर दही शेजाऱ्याकडं. त्याच तालुक्यात दुसऱ्या कंपनीचा पोरगा दुसऱ्या दिवशी येतो. तुमच्याकडं उलट असू शकतं, म्हणून पिनकोड.

१७. दहा वर्षांची वॉरंटी आहे म्हणजे दहा वर्षं निवांत ना?

ती कंप्रेसरची असते. बहुतेक ठिकाणी पूर्ण फ्रिजची वॉरंटी एकच वर्ष. सातव्या वर्षी कंप्रेसर गेला तर कंप्रेसर फुकट, पण गॅस, मजुरी, येणं-जाणं तुमचं. बोर्डवर किती वर्षं आहे ते वेगळं विचारा, कारण इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कंप्रेसरच्या आधी बोर्ड जातं. बिल जपा, थर्मल कागदावरचं उडून जातं, फोटो काढून ठेवा.

१८. नागपूरहून पिकअपमध्ये आडवा टाकून आणला तर चालतो का?

उभाच आणा, दोरीनं बांधून. नाइलाजानं आडवा आणावाच लागला तर पोचल्यावर उभा करून लगेच चालू करू नका, कंप्रेसरचं तेल नळीत गेलेलं असतं, ते खाली यायला वेळ द्या, तीन-चार तास तरी, लांबचा रस्ता असेल तर रात्रभर. आपले रस्ते पाहता उभ्यानं आणलेल्यालाही दोन तास विश्रांती द्या.

१९. उंदरांनी वायर कुरतडली, वॉरंटीत बसतं का?

नाही. मागच्या कंप्रेसरच्या खणाला जाळी आहे का पाहून घ्या, महागड्या मॉडेलात बरेचदा पूर्ण पत्रा असतो. धान्याचं पोतं फ्रिजला टेकवून ठेवू नका, उंदीर त्या उबेलाच येतात. पालीही बोर्डवर जाऊन चिकटतात, दोन्ही जातात, पालही आणि बोर्डही. अलीकडच्या फ्रिजांत आर ६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, प्रमाण थोडं असतं म्हणून घाबरायचं काम नाही, पण नळीच्या आसपास स्वतः पाना-पक्कड चालवू नका आणि गॅस भरणाऱ्याला आधी गॅसचं नाव वाचायला लावा.

२०. बाबांचं इन्सुलिन कुठं ठेवायचं?

मधल्या फळीवर, डब्यात. दारात नको, तिथं तापमान वरखाली होतं. मागच्या थंड हवेच्या झरोक्यासमोरही नको, गोठलं की वाया गेलं. २ ते ८ अंश लागतं. घरात इन्सुलिन असेल तर १० आणि १२ नंबर पुन्हा वाचा.

२१. मॉड्युलर किचन करतोय, ओट्यात बसवलेला बिल्ट-इन घ्यावा का?

सुतारानं मागून-वरून हवा जायला वाट ठेवली तरच. सुतार म्हणतो ठेवली, आणि मग मी जाऊन प्लायला भोकं पाडतो. साधा फ्रिज कपाटात कोंबणं म्हणजे बिल्ट-इन नाही, बिल्ट-इन वेगळा बनतो, महाग असतो आणि आपल्याकडं त्याचा पार्ट मिळणं अवघड. ८ नंबरची भट्टी आठवा.

२२. वाय-फायवाला?

नको.

२३. कधी घ्यावा, आणि हप्त्यावर घेतला तर चालेल का?

घाई नसेल तर उन्हाळा सोडून. दिवाळीत ऑफर असतात, स्टारचे नियम बदलायच्या आसपास जुना स्टॉक स्वस्तात निघतो, तो घ्यायला हरकत नाही, फक्त ७ नंबरसारखा युनिटचा आकडा पाहून. शून्य टक्के हप्त्यात प्रोसेसिंग फी किती आणि रोखीत घेतला तर किती कमी करता, हे दोन प्रश्न विचारा, दुसऱ्याचं उत्तर मिळालं की शून्य टक्क्याचं गणित समजतं. ऑनलाइन स्वस्त दिसला तर तो तुमच्या गावी दारात टाकतात की तालुक्याला उतरवतात ते वाचा.

२४. जुना फ्रिज चालू आहे, एक्स्चेंजला हजार-दीड हजारच देतात. ठेवून घेऊ?

दोन फ्रिज चालवले तर नवीन पाच स्टारचा फायदा जुना खाऊन टाकतो. लग्नकार्यापुरता, आंब्याच्या रसापुरता चालवायचा असेल तर बाकी दिवस पिन काढून, आतून कोरडा करून, दार उघडं अडकवून ठेवा, नाहीतर बुरशी. बंद पडलेला असेल आणि बियाणं-औषधं ठेवायला गोठ्यात नेणार असाल तर आधी त्याचं दारच काढून टाका किंवा बाहेरून कडी लावा, कारण लपाछपी खेळताना पोरं आत शिरतात आणि दार आतून उघडत नाही.